पेरिओदोनिकेस

पेरिओदोनिकेस हा प्राचीन ग्रीसमधला किताब. नुसतं ऐकून काही कळत नाही, पण शब्द फोडला की सोपं आहे, पेरिओदोस म्हणजे फेरी (शाळेतला आपला पीरियड याच शब्दातून आलाय) आणि निके म्हणजे विजय. ऑलिंपिया, डेल्फी, इस्थमिया आणि नेमिया या चारही ठिकाणच्या स्पर्धांत जिंकलेला तो पेरिओदोनिकेस, साधारण टेनिसच्या ग्रँड स्लॅमसारखं. तिथे बक्षीस काय तर पानांचा मुकुट, ऑलिंपियाला रानऑलिव्हचा, डेल्फीला लॉरेलचा.

पण हा फक्त पैलवानांचा किताब समजलात तर अर्धाच अर्थ हाती लागतो. डेल्फीच्या स्पर्धांची सुरुवातच गाण्या-वाजवण्यातून झालेली, ऑलिंपियातही इ.स.पू. ३९६ पासून तुतारीवाल्यांची स्पर्धा होती, आणि मेगाराचा हेरोदोरोस तुतारी फुंकून दहा वेळा पेरिओदोनिकेस झाला असं सांगतात! म्हणजे रंगमंच असो की आखाडा, मान एकच. म्हणून तर रोमन सम्राट नीरो याच्या मागे लागला. त्याने ऑलिंपिक स्पर्धा इ.स. ६७ पर्यंत पुढे ढकलायला लावल्या, तिथे कधी नसलेली गायनाची स्पर्धा घुसवली, दहा घोड्यांच्या रथातून पडला, शर्यत पुरी केली नाही तरी मुकुट त्यालाच, आणि रोमला परतल्यावर लोकांनी 'एकमेव पेरिओदोनिकेस' म्हणून जयजयकार केला.

खरी प्रसिद्धी काय असते ते मात्र थासोस बेटाच्या थेआगेनिसकडे बघून समजतं. हाही पेरिओदोनिकेस, मुष्टियोद्धा, इ.स.पू. ४८० आणि ४७६ चा ऑलिंपिक विजेता. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियास लिहितो की थेआगेनिस वारल्यावर एक वैरी रोज रात्री येऊन त्याच्या ब्राँझच्या पुतळ्याला चाबकाने मारायचा, एका रात्री पुतळा अंगावर पडून तो मेला, तर त्या वैऱ्याच्या मुलांनी पुतळ्यावरच खुनाचा खटला भरला आणि पुतळा समुद्रात फेकला गेला. मग जमीन पिकेना, डेल्फीच्या देववाणीने थेआगेनिसची आठवण करून दिली, पण समुद्रातून काढायचा कसा हे कुणाला सुचेना, शेवटी मासे धरायला गेलेल्या कोळ्यांच्या जाळ्यात तो आपोआप आला. पुढे लोक त्याला देव मानून आजार बरे व्हावेत म्हणून पूजायला लागले. थासोसच्या चौकात त्याची संगमरवरी दानपेटी सापडलीय, त्यावर कोरलंय की थेआगेनिसला बळी वाहणाऱ्याने किमान एक ओबोल (छोटं ग्रीक नाणं) टाकावा.