प्रापंचिक फ्रान्सिस्कन संघ आणि व्रतस्थ बंधू : प्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडतो

धर्मगुरू न होता संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या परिवारात सामील होऊन त्याच्या सेवाकार्यात भाग घेण्याचे दोन मार्ग कॅथलिक ख्रिस्तसभेत उपलब्ध आहेत. पहिला मार्ग प्रापंचिक फ्रान्सिस्कन संघाचा, ज्याला जुनी माणसे आजही तृतीय संघ म्हणतात. यात घर, जोडीदार, मुलेबाळे, नोकरी किंवा शेती यांतले काहीही सोडावे लागत नाही. दुसरा मार्ग व्रतस्थ बंधूचा, म्हणजे आपण ज्यांना ब्रदर म्हणतो त्यांचा. यात ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन संघाच्या मठात सामुदायिक जीवन जगावे लागते. या दोन मार्गांची पात्रता वेगळी, कागदपत्रे काही अंशी वेगळी आणि निर्णय घेणारे तर पूर्णपणे वेगळे आहेत. परत आलेल्या बऱ्याच अर्जांमध्ये अर्जदाराची श्रद्धा किंवा तळमळ कमी पडलेली नसते. अर्ज चुकीच्या दारात गेलेला असतो, नाहीतर एखादा दाखला अपुरा असतो, आणि तसे स्पष्ट सांगण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.

वसईच्या ख्रिस्ती समाजाला हे दोन्ही मार्ग परके नाहीत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू होते, धर्मगुरू नव्हते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पण केलेल्या २६ रक्तसाक्ष्यांमध्ये त्यांच्यासह ६ फ्रान्सिस्कन आणि ३ जेझुइट होते. उरलेले १७ जपानी प्रापंचिक होते आणि फ्रान्सिस्कन परंपरा त्यांना तृतीय संघाचे सभासद मानते. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांना एकाच वेळी संतपद बहाल केले. म्हणून बंधू म्हणजे धर्मगुरूपदापर्यंत न पोहोचलेला उमेदवार आणि प्रापंचिक सभासद म्हणजे मठाचा हितचिंतक, ही जी समजूत काही धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) कार्यालयांतही आढळते, ती सर्वस्वी चुकीची आहे. अर्जदाराने तरी ती मनात ठेवू नये, कारण अर्जातील भाषेवर आणि मुलाखतीतील उत्तरांवर तिचा परिणाम होतो.

प्रापंचिक संघासाठी पात्रता

या संघाचा सध्याचा नियम पोप सहावे पॉल यांनी २४ जून १९७८ रोजी मंजूर केला. त्याच्या जोडीला संघाची सर्वसाधारण घटना आहे आणि तिच्या ३९व्या कलमात प्रवेशाच्या अटी दिलेल्या आहेत. अर्जदाराची कॅथलिक श्रद्धा असावी, तो ख्रिस्तसभेशी एकजुटीने जगत असावा, त्याचे आचरण चांगले असावे आणि या जीवनाच्या पाचारणाची, म्हणजे ईश्वराच्या बोलावण्याची, स्पष्ट चिन्हे त्याच्यात दिसावीत. विवाहित, अविवाहित, विधवा, विधुर, तसेच धर्मप्रांतीय धर्मगुरूसुद्धा अर्ज करू शकतात. शिक्षणाची किंवा उत्पन्नाची कोणतीही अट नाही. संघाच्या सामाईक निधीला प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे हातभार लावायचा असतो, त्यामुळे पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये.

यात दोन ठिकाणी लोक हमखास अडखळतात. घटनेच्या दुसऱ्या कलमानुसार जी व्यक्ती दुसऱ्या एखाद्या धर्मसंघीय परिवाराशी कायमस्वरूपी वचनाने बांधलेली आहे, ती या संघात येऊ शकत नाही. उदाहरणार्थ, प्रापंचिक कार्मेल संघात अंतिम वचन घेतलेल्या व्यक्तीला ही अट लागू होते. गळ्यात कार्मेल मातेचे स्कॅप्युलर (भक्तीची कापडी खूण) असणे, रोझरी मंडळाचे किंवा संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद असणे ही मात्र अडचण नाही. केवळ स्कॅप्युलर घातले म्हणून 'तुम्ही आधीच दुसरीकडे आहात' असे सांगून कोणाला परत पाठवले जात असेल, तर त्या व्यक्तीने नम्रपणे पण ठामपणे दुसऱ्या कलमाकडे बोट दाखवावे.

दुसरी अडचण विवाहाची आहे, आणि ती नाजूक आहे. केवळ नोंदणी कार्यालयात लग्न केलेल्या, चर्चमध्ये विवाहविधी न झालेल्या कॅथलिक व्यक्तीचा अर्ज 'ख्रिस्तसभेशी एकजूट' या अटीवर अडतो. जोडीदार अन्य धर्माचा असणे हा अडथळा नाही. विवाह चर्चच्या परवानगीने झाला आहे की नाही, हे पाहिले जाते. अशा जोडप्यांनी अर्ज भरण्यापूर्वी आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटून विवाह नियमित करून घेण्याचा मार्ग विचारावा. ही गोष्ट लपवून अर्ज करू नये, कारण पुढे ती उघड होतेच आणि तेव्हा मनस्ताप अधिक होतो.

अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून काही अर्ज प्रॉटेस्टंट कुटुंबांतील श्रद्धावंतांचे येतात. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावे झालेला त्यांचा बाप्तिस्मा मान्यच असतो, तो पुन्हा दिला जात नाही. तथापि संघात येण्यापूर्वी त्यांना कॅथलिक ख्रिस्तसभेत रीतसर प्रवेश घ्यावा लागतो, आणि त्या प्रवेशाची नोंद असलेला दाखला अर्जासोबत जोडावा लागतो.

बाप्तिस्म्याचा दाखला : सर्वांत जास्त अर्ज येथे थांबतात

घरच्या पेटीत जपून ठेवलेला लहानपणीचा दाखला चालत नाही. दाखला नव्याने काढलेला, साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला असावा लागतो. याचे कारण कोणी समजावून सांगत नाही, म्हणून लोक चिडतात. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्या व्यक्तीच्या नावासमोरच्या समासात पुढील आयुष्यातील दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार), विवाह, गुरुदीक्षा आणि धर्मसंघातील अंतिम व्रतग्रहण यांची टिपणे करावीत, असा कॅनन ५३५चा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यातील त्या कलमाचा, आदेश आहे. नव्या दाखल्यावर ही टिपणे उतरवलेली असतात आणि त्यांवरूनच अर्जदार आज कोणत्या बंधनात आहे हे कळते. तीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर तीस वर्षांपूर्वीचीच स्थिती असते. म्हणून दाखला मागताना 'समासातील सर्व टिपणांसह' असे अर्जात लिहावे. टिपणे नसतील तर 'टिपण नाही' अशी नोंद करून घ्यावी, कारण ती जागा कोरी सोडलेला दाखला परत येतो.

दाखला कुठल्या धर्मग्रामात शोधायचा, हाही प्रश्नच असतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा अनेकदा आईच्या माहेरच्या धर्मग्रामात झालेला असतो. वडिलांच्या गावी वही उलटून 'नोंद सापडत नाही' असे उत्तर मिळाले की अर्जदार खचतो. आधी आईला किंवा मावशीला विचारावे. जिवाच्या धोक्यामुळे इस्पितळात घाईने बाप्तिस्मा दिला गेला असेल, तर ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत ते इस्पितळ आहे तेथील वही पाहावी.

वही वाळवीने खाल्ली असेल, पुरात भिजली असेल किंवा नोंदच झाली नसेल, तर काय करायचे, हे फार थोड्या जणांना ठाऊक असते. कॅनन ८७६नुसार, त्यामुळे कोणाचे नुकसान होत नसेल तर, एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन बाप्तिस्मा सिद्ध करण्यास पुरेसे आहे. प्रौढपणी बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीची स्वतःची शपथही पुरते. धर्मपिता, धर्ममाता किंवा बाप्तिस्म्याला हजर असलेले एखादे वृद्ध नातेवाईक हयात असतील, तर त्यांचे निवेदन आताच लिहून घ्यावे आणि प्रमुख धर्मगुरूंसमोर सही करून घ्यावी. हा कॅनन सर्वांसाठी आहे आणि धर्मग्रामाच्या कार्यालयाने तो स्वतःहून सांगायला हवा. 'नोंद नाही, काही करता येणार नाही' हे उत्तर अपुरे आहे, आणि ते ऐकून साठीतल्या विधवा बाया डोळे पुसत पायऱ्या उतरतात, हे पाहवत नाही.

दृढीकरणाच्या दाखल्यालाही हाच साक्षीदाराचा नियम लागू आहे. त्याची नोंद काही ठिकाणी धर्मग्रामात, तर काही ठिकाणी धर्मप्रांताच्या कार्यालयातील वहीत असते, म्हणून एका ठिकाणी नाही मिळाली तर दुसरीकडे पाहावे.

नावातील फरकाबद्दलही लिहिले पाहिजे. वहीत 'फ्रान्सिस', शाळेच्या दाखल्यावर घरचे मराठी नाव आणि आधार कार्डावर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग, असे आपल्या भागात सर्रास दिसते. त्यासाठी बाप्तिस्म्याची मूळ नोंद बदलण्याचा आग्रह धरू नये. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र आणि प्रमुख धर्मगुरूंचे पत्र जोडल्यास काम भागते.

अर्ज कोणाला द्यायचा आणि वर्ष कुठून मोजायचे

प्रापंचिक संघाचा अर्ज स्थानिक फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे संघाच्या स्थानिक शाखेच्या, मिनिस्टरांना द्यायचा असतो, शक्यतो लेखी. मिनिस्टर ही प्रापंचिक, सभासदांनी निवडलेली व्यक्ती असते. निर्णय फ्रॅटर्निटीचे कौन्सिल सामूहिकपणे घेते आणि तो अर्जदाराला औपचारिकरीत्या कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. लोक अर्ज प्रमुख धर्मगुरूंकडे देतात, तो तिथल्या कपाटात राहतो आणि अर्जदार महिनोन्महिने वाट पाहतो. धर्मगुरूंचे शिफारसपत्र उपयोगी असते, पण ते म्हणजे प्रवेश नव्हे. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

जवळपास फ्रॅटर्निटी नसेल तर उत्साही मंडळी स्वतःच एक सुरू करू पाहतात. नव्या फ्रॅटर्निटीच्या वैध स्थापनेसाठी कायमचे वचन (संघाच्या नियमाप्रमाणे जगण्याची विधिपूर्वक प्रतिज्ञा) घेतलेले किमान ५ सभासद लागतात, वरच्या पातळीवरील कौन्सिलशी सल्लामसलत लागते आणि फ्रान्सिस्कन मठाच्या किंवा चर्चच्या बाहेर स्थापना करायची असल्यास बिशपांची लेखी संमती लागते. तोवर दूरच्या फ्रॅटर्निटीशी जोडून घेणे हाच मार्ग आहे.

मुदतीचा गोंधळ मात्र दरवर्षी होतो. सुरुवातीचा परिचयाचा काळ वेगळा आणि प्रशिक्षणाचा काळ वेगळा. 'किमान एक वर्ष' ही अट प्रशिक्षणाला लागू आहे आणि ते वर्ष प्रवेशविधी होऊन त्याची नोंद झाल्यापासून सुरू होते. पहिल्या सभेला हजर राहिल्यापासून वर्ष मोजणारे अर्जदार वचनविधीच्या तयारीला लागतात, नातेवाइकांना आमंत्रणे देतात आणि मग त्यांना थांबवले जाते. राष्ट्रीय नियमावली हा काळ वाढवू शकते, म्हणून आपल्या फ्रॅटर्निटीत तो किती आहे हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवावे. या वर्षात नुसते नाव असून चालत नाही, सक्रिय सहभाग पाहिला जातो. पाळीची नोकरी करणाऱ्यांनी किंवा बाजाराच्या दिवशी सभा असल्याने गैरहजर राहणाऱ्या भाजीवाल्यांनी ही अडचण प्रशिक्षकांना आधीच सांगावी. प्रशिक्षण लांबवणे योग्य वाटल्यास ते आणखी एका वर्षापेक्षा जास्त लांबवता येत नाही, ही मर्यादा अर्जदाराच्या संरक्षणासाठी आहे.

प्रशिक्षण संपल्यावर वचनासाठी दुसरा, स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो आणि कौन्सिल त्यावर गुप्त मतदान करते. वचनासाठी १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. राष्ट्रीय नियमावलीत यापेक्षा जास्त वय असू शकते. कायमच्या वचनापूर्वी दरवर्षी नूतनीकरण होणारे तात्पुरते वचन घेता येते, पण तो काळ एकूण ३ वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही.

व्रतस्थ बंधू होण्यासाठी

येथे अर्ज संबंधित संघाच्या पाचारण-मार्गदर्शकांकडे जातो आणि प्रवेश देण्याचा अधिकार उच्च वरिष्ठांचा, म्हणजे संघाच्या प्रांताच्या किंवा संपूर्ण संघाच्या प्रमुखांचा, असतो. कॅनन ६४३नुसार १७ वर्षे पूर्ण नसलेल्या, किंवा जिचा विवाह अस्तित्वात आहे अशा व्यक्तीचा नोव्हिशिएटमधील, म्हणजे व्रतांपूर्वीच्या प्रशिक्षणकाळातील, प्रवेश अवैध ठरतो. पत्नीची संमती असली तरी विवाहित पुरुषाला हा अडथळा राहतोच. त्याच्यासाठी पहिला मार्ग मोकळा आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि अविवाहित स्थिती यांचे पुरावे कॅनन ६४५प्रमाणे द्यावे लागतात. वैद्यकीय तपासणी आणि शैक्षणिक कागद नेहमीचेच आहेत.

खरी अडचण दोन गोष्टींत आहे. पूर्वी दुसऱ्या संघात किंवा सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत) राहिलेल्या उमेदवाराला तेथील वरिष्ठांचे किंवा रेक्टरांचे पत्र आणावे लागते. संकोचामुळे मुले ही गोष्ट दडवतात. सेमिनरी सोडणे हा कलंक नाही, आणि ते पत्र वेळेवर न पाठवणाऱ्या संस्थांनीही आपल्या दिरंगाईने एका तरुणाचे वर्ष वाया जाते, याचा विचार करावा. दुसरी गोष्ट कर्जाची. फेडता न येणारे कर्ज असलेल्यास प्रवेश देऊ नये, असे कॅनन ६४४ सांगतो. शैक्षणिक कर्ज घेतलेल्या मुलांनी बँकेचे विवरणपत्र आणि फेडीची योजना अर्जासोबत द्यावी. स्वतः कोणाला जामीन राहिले असल्यास तेही सांगावे.

नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचे असते, त्यानंतर तात्पुरती व्रते किमान ३ वर्षे, आणि अंतिम व्रतांसाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. आपल्याला बंधूच व्हायचे आहे, हे अर्जातच स्पष्ट लिहावे, नाहीतर उमेदवाराला गृहीत धरून धर्मगुरूपदाच्या अभ्यासक्रमात बसवले जाते आणि नंतर दिशा बदलणे अवघड होते. बंधूला संघात जबाबदारीचे पद मिळत नाही, असे सांगून पालक मुलाला परावृत्त करतात; १८ मे २०२२च्या पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयानुसार धर्मगुरूप्रधान संघातही बंधूला स्थानिक वरिष्ठ नेमता येते आणि व्हॅटिकनच्या लेखी परवानगीने उच्च वरिष्ठही होता येते.

विधी पार पडल्यावर नोंदीकडे लक्ष द्यावे. बंधूच्या अंतिम व्रतांचे टिपण त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत केले जाते. प्रापंचिक सभासदाच्या वचनाचे टिपण त्या वहीत करण्याची तरतूद नाही. ते फ्रॅटर्निटीच्या दप्तरातच राहते. म्हणून वचनाच्या नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा त्याच आठवड्यात मागून घ्यावा, आणि वसईहून पुण्याला किंवा आखाती देशात बदली झाल्यास नव्या ठिकाणच्या फ्रॅटर्निटीकडे जाताना तो उतारा व जुन्या मिनिस्टरांचे पत्र सोबत न्यावे.