पॅलिएटिव्ह केअर (उपशामक सेवा)

गंभीर किंवा जिवावर बेतणाऱ्या आजारात रुग्णाची वेदना व इतर त्रास आटोक्यात ठेवणारी आणि त्या आजारामुळे रुग्णावर व घरच्यांवर येणारा मनाचा, पैशांचा, नात्यांचा भार हलका करणारी वैद्यकशाखा. केमोथेरपी, रेडिएशन, डायलिसिस किंवा हृदयविकाराची औषधे चालू असतानाच ती सुरू करता येते, आणि करावी. मराठीत उपशामक सेवा, परिहारक सेवा अशी नावे असली तरी रुग्णालयांत ‘पॅलिएटिव्ह’ हाच शब्द रुळला आहे.

आपल्याकडे बहुतेक कुटुंबांच्या कानावर हा शब्द फार उशिरा पडतो. ‘आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी न्या’ असे ऐकून झाल्यावर कोणीतरी एखादा पत्ता देतो. ते वाक्य वैद्यकीयदृष्ट्याच चुकीचे आहे. गाठ कमी करणे शक्य नसेल, पण उलट्या थांबवता येतात, धाप कमी करता येते, पोटात साठलेले पाणी काढता येते, जखमेचा वास घालवता येतो, रात्रीची झोप परत मिळवून देता येते. यातले प्रत्येक काम शिकून करावे लागते आणि त्यासाठी शिकलेली माणसे असतात.

ही सेवा फक्त कर्करोगासाठी आहे, हा दुसरा गैरसमज. हृदय निकामी होणे, फुप्फुसांचे जुनाट विकार, मूत्रपिंडाचे विकार, पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, एचआयव्ही आणि लहान मुलांमधील जन्मजात गंभीर व्याधी या सगळ्यांत तिची गरज पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 5 कोटी 68 लाख लोकांना ती हवी असते आणि जेमतेम 14 टक्क्यांना मिळते. ती लवकर सुरू केल्याने काय साधते, याचा पुरावा बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील 2010 सालच्या अभ्यासाने दिला. पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या 151 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून उपशामक सेवा देण्यात आली. त्यांची मनःस्थिती व जगण्याची प्रत चांगली राहिली, शेवटच्या दिवसांतले जोरकस उपचार कमी झाले, तरीही ते अधिक जगले. मध्यक आयुष्य, म्हणजे गटातले निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, 11.6 महिने भरले. दुसऱ्या गटाचे 8.9 महिने होते. ‘पॅलिएटिव्हला पाठवले म्हणजे आशा सोडली’ असे समजणाऱ्या नातेवाइकांना, आणि डॉक्टरांनाही, हे आकडे सांगायला हवेत.

उगम व भारतातील वाटचाल. आधुनिक उपशामक सेवेची सुरुवात सिसिली साँडर्स यांच्यापासून मानतात. त्या आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. माणसाच्या वेदनेत शरीराबरोबर मन, घर, पैसा आणि श्रद्धा यांचाही वाटा असतो, ही त्यांची ‘समग्र वेदने’ची कल्पना आजही या शाखेचा पाया आहे. ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव 1970 च्या दशकात माँट्रियलचे शल्यचिकित्सक बाल्फोर माउंट यांनी रूढ केले.

भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईत उभे राहिले. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केले. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देते आणि घरच्यांना सोबत राहू देऊन काळजी कशी घ्यायची ते शिकवते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. उपशामक वैद्यकातील एमडी ही पदव्युत्तर पदवी देशात प्रथम तिथेच सुरू झाली.

मात्र सेवा गावोगाव कशी न्यावी, हे केरळने दाखवले. 1993 मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटे केंद्र काढले. त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे विणले गेले. शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी, गृहिणी थोडे प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जाऊ लागले. 2008 मध्ये केरळ शासनाने स्वतंत्र धोरण आणले आणि गृहसेवेची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपवली. तिथे ग्रामपंचायतीच्या पातळीवरची परिचारिका घरी येते. केंद्र सरकारचा राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम 2012 चा. महाराष्ट्रात तज्ज्ञ सेवा अजून प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि मोजक्या शहरांत एकवटलेली आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला परळची ओपीडी गाठायला लावणे ही सेवा नव्हे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

वेदना आणि मॉर्फिन. वेदना मोजता येते. ‘शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य, तुमचे किती?’ असे विचारून उत्तर केसपेपरवर लिहिले जाते. रुपयात किती आणे दुखते, असेही विचारतात. जुन्या पिढीला ते पटकन समजते. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची शिडी मांडली : सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम दुखण्याला सौम्य अफूजन्य औषधे, तीव्र दुखण्याला मॉर्फिन हे अफूपासूनच काढलेले जोरकस औषध. औषध शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे द्यायचे. दुखू लागल्यावर गोळी घेणे हीच घरोघरची मोठी चूक असते. साधी मॉर्फिनची गोळी सुमारे चार तास टिकते, म्हणून ती दर चार तासांनी घ्यायची. रात्री झोपताना बहुधा दुप्पट मात्रा देतात, म्हणजे मध्यरात्री उठावे लागत नाही. मधेच कळ उसळली तर वेगळी जादा मात्रा लिहून दिलेली असते.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळजवळ प्रत्येकाला होते, त्यामुळे रेचक पहिल्या दिवसापासून सोबत हवेच. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरतात. ‘व्यसन लागेल’ आणि ‘याने लवकर जातील’ या दोन भीतींपायी किती माणसे कण्हत राहतात! वेदनेच्या प्रमाणात, लहान मात्रेपासून हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फिन मृत्यू ओढवत नाही. व्यसनाच्या भीतीलाही कोझिकोडनेच उत्तर दिले. तिथे दोन वर्षांत 1,723 रुग्णांना घरी घेण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या देण्यात आल्या आणि गैरवापराचा एकही प्रकार आढळला नाही, असा अहवाल 2001 मध्ये प्रसिद्ध झाला.

अडचण औषधाची नव्हती, कायद्याची होती. भारत जगातल्या मोजक्या अधिकृत अफू-उत्पादक देशांपैकी एक आहे. मंदसौर, नीमच, चितोडगड भागात परवान्याने खसखशीची शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. असे असूनही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर 1997 पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जवळजवळ 97 टक्क्यांनी घसरला. रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी. दुकानदारांनी औषध ठेवणे सोडले आणि डॉक्टरांच्या एका पिढीने ते कधी वापरलेच नाही. 2014 मधील दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवून देशभर एकच नियम आणला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची परवानगी पुरते. नियम बदलला, तरी मनातली धास्ती जायची आहे.

सेवा देणारी माणसे. यातला डॉक्टर रुग्णाजवळ खुर्ची ओढून बसतो आणि ‘तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितले आहे?’ असे विचारून सुरुवात करतो. पण गृहसेवेचा कणा परिचारिकाच. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीवरची त्वचा तपासणे, तोंड स्वच्छ ठेवणे, नळीतून अन्न देणे, पोटाला लावलेली पिशवी बदलणे हे ती स्वतः करते आणि मुलीला, सुनेला, मुलालाही शिकवते. तंबाखू-मिश्रीमुळे होणारे तोंडाचे कर्करोग आपल्याकडे खूप आहेत. त्यांत गालावर उघडी जखम होते, तिला असा वास येतो की नातवंडे खोलीत येईनाशी होतात आणि रुग्ण पदराआड तोंड लपवू लागतो. अशा जखमेवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड टाकतात. बहुधा काही दिवसांत वास कमी होतो. काही रुपयांच्या गोळीने माणूस पुन्हा घरच्यांत बसू लागतो.

समाजसेवक कागदपत्रांचे काम हाती घेतो. दुर्धर आजारामुळे कमावता न येणाऱ्या निराधारांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार मिळू शकतो, हे अनेक कुटुंबांना त्याच्याकडूनच कळते. समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट आणि स्वयंसेवकही पथकात असतात. स्वयंसेवकाला औषधे देता येत नाहीत, पण रात्रंदिवस जागणाऱ्या बायकोला दोन तास झोप मिळावी म्हणून तो रुग्णापाशी बसतो.

या सर्वांना सतत भेटणारी विनंती म्हणजे ‘त्यांना काही सांगू नका, धीर सोडतील’. ती प्रेमापोटीच केलेली असते. रुग्ण मात्र पुष्कळदा सगळे ओळखून असतो आणि तोही घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प राहतो. मग जमिनीचे, मुलीच्या लग्नाचे, कोणाची माफी मागायचे बोलणे राहून जाते. पथक सत्य रुग्णावर लादत नाही. त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच विचारते आणि तेवढेच सांगते.

शेवटच्या दिवसांतला जेवणाचा आग्रहही असाच. ‘दोन घास तरी खा’ म्हणणाऱ्याला समजावावे लागते की शरीर मिटू लागल्यावर भूक आपोआप जाते. न खाल्ल्याने मृत्यू येत नाही, मृत्यू जवळ आल्याने खाणे सुटते. सलाइनने त्या वेळी सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गंगाजल ओठांना लावावे, ओल्या कापसाने तोंड टिपावे.

कायदा. उपशामक सेवा म्हणजे इच्छामरण नव्हे. भारतात औषध देऊन मृत्यू घडवणे बेकायदा आहे. निरर्थक ठरलेला कृत्रिम जीवनाधार (श्वासयंत्रासारखी साधने) काढून घेण्याचा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर अनेक वर्षे अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 2011 च्या त्या निकालात त्यांच्याबाबतची मागणी नाकारली गेली, पण कडक अटींवर अशी परवानगी देण्याची वाट मोकळी झाली. 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. मूळ प्रक्रिया इतकी किचकट होती की ती वापरणे जवळजवळ अशक्य होते. जानेवारी 2023 मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून इच्छापत्र साक्षांकित करता येते. जीवनाधार काढण्याचा निर्णय डॉक्टरांची दोन मंडळे पाहतात आणि प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे. यंत्र काढले तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा थांबत नाही.

मृत्यूनंतरही पथकाचे काम काही काळ चालू राहते. चांगल्या केंद्रांतून परिचारिका किंवा समाजसेवक दिवसकार्य झाल्यावर घरी येतात, उरलेले मॉर्फिन परत नेतात, आणि ज्या व्यक्तीने सगळे केले तिची झोप, जेवण, मुलांची शाळा यांची चौकशी करतात.