पित्ताशयातले खडे

लिव्हरच्या खालच्या बाजूला चिकटून ७ ते १० सेंटिमीटरची एक पातळ पिशवी असते, ते पित्ताशय, बोलताना सगळे गॉलब्लॅडरच म्हणतात, आणि तिच्यात साठलेल्या पित्ताचे जे खडे धरतात ते हे. लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं पण पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिली, म्हणून ती त्यातलं पाणी शोषून ते दाट करून ठेवते. जेवणात तेल-तूप आलं की लहान आतड्यातून एक हार्मोन सुटतं, पिशवी आवळते आणि पित्त नळीवाटे आतड्यात उतरतं. या पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं आणि त्याला विरघळवून ठेवणारे क्षार कमी पडले की पाकात साखर जास्त झाल्यावर कसे खडे धरतात, तसंच होतं.

बायकांमध्ये हे प्रमाण जास्त, त्यात बाळंतपणं झालेली, चाळिशी ओलांडलेली, वजन वाढलेलं, घरात कुणाला आधी झालेलं असलं तर अजून जास्त. वजन एकदम झपाट्यानं उतरवलं तरी खडे होतात, हे जिमवाल्या पोरांना कुणी सांगत नाही.

पण नागपुरात आणि एकूणच विदर्भात याची एक वेगळी बाजू आहे, ती म्हणजे सिकलसेल, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, या पट्ट्यात हा आजार बराच आहे. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलची १० ते २० दिवसांत फुटते, आणि इतक्या पेशी फुटल्या की त्यातून निघणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, भरमसाट तयार होतं, त्याचेच काळे खडे बनतात. इथं चाळिशी, वजन, तेलकट खाणं कशाचाच संबंध नाही, शाळेत जाणाऱ्या बारीक पोरालासुद्धा होतात. आणि पंचाईत अशी की या मुलांचे डोळे एरवीही थोडे पिवळेच असतात, त्यामुळे नळी खरंच अडली तरी घरच्यांच्या लक्षात येत नाही, पोटात दुखलं तर क्रायसिस, म्हणजे सिकलसेलचा दुखण्याचा झटका, आला असं समजून पेनकिलर दिली जाते. म्हणून सिकलसेलच्या मुलाचं पोट दुखत असेल तर एकदा सोनोग्राफी मागून घ्याच. शौचाचा रंग मातकट-पांढुरका झाला, अंगाला खाज सुटली तर थांबूच नका.

बाकी खडे असणाऱ्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि सापडले, असं होतं, आणि अशा शांत खड्यांना सहसा हात लावायची गरज नसते, वर्षाला शंभरातल्या १ ते ४ जणांनाच त्यापासून त्रास सुरू होतो. खडा मोठा, ३ सेंटिमीटरच्या पुढचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण तिथं कॅन्सरची भीती वाढते.

त्रास सुरू होतो तो कसा? रात्री सावजीचं मटण नाहीतर वरून गरम तेल सोडलेला वडा-भात झाला, तासा-दोन तासांनी छातीच्या खाली, मधोमध किंवा उजवीकडे कळ येते, वाढत जाते, पाठीत नाहीतर उजव्या खांद्याच्या फऱ्यात जाते, उलटी होते, कुशी बदलून आराम नाही. सावजीनं खडा होत नाही बरं का, तेलामुळे पिशवी आवळते आणि आधीच असलेला खडा तोंडाशी अडकतो. माणूस म्हणतो "गॅस धरून राहिला", ओवा चावतो, इनो घेतो, काही तासांत खडा मागे सरकतो आणि इनोनंच बरं वाटलं असा समज पक्का होतो. अशीच कळ हार्टचीही असू शकते, त्यामुळे चाळिशीनंतर आधी ईसीजी. कळ ६ तासांच्या वर राहिली, ताप आला, तर पिशवीला सूज आली समजायचं.

खरा धोका खडा पिशवीतून नळीत उतरला की असतो. कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो, स्वादुपिंडाला सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. इथं लोक काविळीची माळ घालायला नाहीतर झाडपाला घ्यायला खेड्यात जातात, आणि त्यात जे आठ दिवस जातात तेच महागात पडतात. नळीतला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात.

तपासणीला उपाशीपोटी सोनोग्राफी पुरते. एक्स-रेत शंभरातले १०-२० खडेच दिसतात. औषधानं विरघळणं फार थोड्यांच्या नशिबी, खडा लहान आणि कोलेस्टेरॉलचाच असेल तर गोळ्या सहा महिने ते दोन वर्षं घ्यायच्या आणि तरी बऱ्याच जणांना परत होतो. कुळथाचं पाणी आणि पानफुटी किडनीच्या खड्यासाठी सांगतात, पित्ताचा रस्ताच वेगळा आहे. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाच्या रसानं "खडे पडले" म्हणून जे हिरवे गोळे दाखवतात ते पोटात तयार झालेला साबण असतो.

एकदा त्रास झाला की मग दुर्बिणीनं पिशवीच काढतात, नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. पिशवी काढण्याचं पहिलं ऑपरेशन १८८२ मध्ये बर्लिनला लांगेनबुख या सर्जननी केलं, दुर्बिणीचं १९८५ मध्ये जर्मनीतच म्यूहेंनी, आणि भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात डॉ. तेहमटन उडवाडियांनी. नागपुरात मेडिकल, मेयो ही दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं आहेत, मिहानला एम्स आहे. सिकलसेलवाल्यांनी ऑपरेशनआधी डॉक्टरला ते सांगायलाच हवं, त्यांना सलाईन, ऊब, ऑक्सिजन आणि गरज पडली तर रक्त, सगळं आधीपासून बघावं लागतं.

पिशवी गेल्यावर पित्त थेट आतड्यात थेंब थेंब जात राहतं, पचन चालतं, काहींना थोडे दिवस पातळ होतं. ऑपरेशननंतर नातेवाईकांच्या हातात डबीतले खडे देतात, पिवळे, कडा घासलेले किंवा काळे खरखरीत, सगळे त्याचेच फोटो काढतात. पण पिशवी तपासणीला पाठवलेली असते, तिचा बायोप्सी रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तो आठवणीनं जाऊन घ्या आणि डॉक्टरला दाखवा.