गुणसूत्र तपासणी : अहवालातून काय कळते आणि काय कळत नाही

आपल्या डॉक्टरांनी गुणसूत्र तपासणी, म्हणजेच कॅरिओटाइप, करण्यास सांगितले असल्यास रक्ताचा नमुना देण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, ही विनंती.

माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशींमध्ये ४६ गुणसूत्रे (आनुवंशिक माहिती वाहणारे धागे), म्हणजे २३ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून आलेले असते. ही संख्या बरीच वर्षे ४८ मानली जात होती. १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान या संशोधकांनी ती ४६ असल्याचे दाखवून दिले. पहिल्या २२ जोड्यांना आकारमानाच्या उतरत्या क्रमाने क्रमांक दिलेले आहेत. (एकविसावे गुणसूत्र प्रत्यक्षात बाविसाव्यापेक्षाही लहान आहे, पण क्रमांक रूढ झाल्यामुळे तो बदलला गेला नाही.) तेविसावी जोडी लिंगनिश्चितीशी संबंधित असते (स्त्रीमध्ये सहसा दोन एक्स, पुरुषामध्ये एक एक्स व एक वाय).

अहवालाला इतके दिवस का लागतात, असे अनेक जण विचारतात. गुणसूत्रे सुटी आणि स्पष्ट दिसतात ती पेशी विभागली जात असतानाच. त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी पोषक द्रवात साधारण ७२ तास वाढवाव्या लागतात, त्यांचे विभाजन औषधाने नेमक्या टप्प्यावर थांबवावे लागते आणि मग त्या फुगवून, काचपट्टीवर पसरून, रंगवून त्यांवरील गडद-फिकट पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीत वाचावे लागतात. पेशी जिवंतच हव्यात. म्हणून रक्त हेपारिन (रक्त साकळू न देणारे द्रव्य) असलेल्या नळीत घेतले जाते आणि गोठवून ठेवलेला नमुना आम्ही स्वीकारत नाही. उपाशीपोटी येण्याची गरज नाही.

या तपासणीत गुणसूत्रांची संख्या आणि त्यांच्या रचनेतील मोठे बदल दिसतात. एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असल्यास डाउन सिंड्रोम, स्त्रीमध्ये एक एक्स गुणसूत्र नसल्यास टर्नर सिंड्रोम, तर पुरुषामध्ये एक एक्स जास्त असल्यास क्लाइनफेल्टर सिंड्रोम असे निदान होते. यांपैकी शेवटची स्थिती अनेकदा प्रौढपणी, मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच लक्षात येते.

वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांनी पुढील बाब विशेष लक्ष देऊन वाचावी. काही व्यक्तींमध्ये दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. काहीही कमी-जास्त झालेले नसल्यामुळे ती व्यक्ती सहसा पूर्णपणे निरोगी असते, मात्र तिच्या बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होताना वाटणी असमान होऊ शकते. दुसऱ्या एका प्रकारात चौदावे आणि एकविसावे गुणसूत्र एकमेकांना जोडलेले असते आणि अहवालात ४५ हा आकडा येतो. तो वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण अशा व्यक्तीकडे आवश्यक जनुकीय मजकूर पुरेसा असतो. प्रश्न पुढच्या पिढीपुरता उरतो आणि त्यासाठीच पती-पत्नी दोघांचीही तपासणी सुचवली जाते. यात दोष कोणाचाही नसतो, हे कुटुंबातील वडीलधाऱ्यांनाही अवश्य सांगावे.

अहवाल ‘सामान्य’ आला, याचा अर्थ कोणताही आनुवंशिक आजार नाही, असा होत नाही. डीएनएच्या साधारण ५० लाख अक्षरजोड्यांहून लहान बदल सूक्ष्मदर्शकाला सहसा दिसत नाहीत. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल यांसारखे एकाच जनुकातील बिघाडाचे आजार या तपासणीत सापडत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात. स्वभाव, बुद्धी, कल किंवा आयुर्मान यांविषयी सामान्य कॅरिओटाइपवरून काहीही सांगता येत नाही आणि तसे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवव्या गुणसूत्रातील एक उलटापालट (त्याचा एक तुकडा उलट दिशेने बसलेला असणे) अनेक निरोगी माणसांत आढळते. अहवालात तिची नोंद असली, तरी तो आजार समजला जात नाही. अशा नोंदींचा अर्थ स्वतः लावत बसण्याऐवजी अहवाल आपल्या डॉक्टरांना किंवा जनुकीय समुपदेशकांना दाखवावा आणि जाताना कुटुंबातील आधीचे अहवाल, गर्भपातांच्या नोंदी व मुलांची कागदपत्रे सोबत न्यावीत.