कीवर्ड, क्रमवारी आणि शहराची दोन नावं

१९९०च्या दशकातली सर्च इंजिनं प्रामुख्याने पानावरचे शब्द मोजायची. त्यामुळे एकच कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, पुन्हा पुन्हा लिहिलेलं पान निकालांच्या क्रमवारीत वर यायचं. काही जण पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या रांगा लपवायचे. मराठी मजकूर या शर्यतीत जवळपास नव्हताच. ज्याच्या त्याच्या फॉण्टमधली अक्षरं माणसाला मराठी दिसत, यंत्राला मात्र रोमन खिचडी. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, रुळलं तेव्हा कुठे मराठी शब्द शोधात सापडू लागला.

पुढचे टप्पे थोडक्यात असे. कीवर्ड मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली कीवर्डची यादी, क्रमवारीसाठी धरत नाही, हे गूगलने २००९मध्ये जाहीर केलं. २०१२मध्ये गूगलच्या नव्या बदलाने शब्द कोंबणाऱ्या पानांना थेट फटका बसला. २०१९च्या डिसेंबरात शोधवाक्याचा अर्थ लावणारी गूगलची पद्धत मराठीतही आली.

मराठवाड्यात खरा पेच पडला तो २०२३मध्ये. फेब्रुवारीत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. हॉटेल, कोचिंग क्लास, हिमरू शालींचं दुकान, सगळ्यांपुढे एकच प्रश्न: आपल्या वेबपानाच्या शीर्षकात कोणतं नाव लिहायचं? नामांतराचा वाद न्यायालयात होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये याचिका फेटाळल्या. तोवर काही जण थांबून राहिले. काहींनी जुनं नाव सगळीकडून पुसलं आणि पानाचा पत्ताही बदलला. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवणारं रीडायरेक्ट लावलं नाही, तर इतर साइटवरून वर्षानुवर्षं जमलेले दुवे वाया जातात, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं. आणखी काहींनी प्रत्येक परिच्छेदात दोन्ही नावं टाकली, म्हणजे जुनीच कोंबाकोंबी.

दोन्ही नावं एकाच शहराची आहेत, एवढं सर्च इंजिनला आता कळतं. तरी शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्द पानावर असणं आजही उपयोगी पडतं. आणि तो शब्द एक नसतो: स्थानिक माणूस नुसतं ‘संभाजीनगर’ लिहितो, जुनं गाइडबुक घेऊन वेरूळ-अजिंठ्याला निघालेला पर्यटक ‘औरंगाबाद’. शीर्षकात नवं नाव आणि मजकुरात एकदा ‘पूर्वीचं औरंगाबाद’, हीच मांडणी मला योग्य वाटते. जुनं नाव लिहिणं म्हणजे नव्याला विरोध नव्हे; ते गाळलं तर गैरसोय गिऱ्हाइकाची होते.

धाराशिवची अडचण वेगळी आहे. शहराचं नाव बदलण्याआधीपासून जवळच्या लेण्यांना धाराशिव लेणी म्हणतात. त्यामुळे तिथल्या लॉजच्या पानावर नुसतं ‘धाराशिव’ पुरत नाही; ‘धाराशिव शहर’, ‘बसस्थानकाजवळ’ असं स्पष्ट लिहावं लागतं.