मुदतपूर्व प्रसूतीचा कारणशोध : साधने तुटपुंजी असलेल्या प्रदेशांत

गर्भारपणाचे ३७ आठवडे, म्हणजे २५९ दिवस, भरण्याआधी बाळ जन्मले तर ती मुदतपूर्व प्रसूती. बोलीत अशा बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात, आणि व्याख्येचा सगळा भार ‘दिवस’ या शब्दावरच आहे. दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. आपले ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे घरगुती गणित दवाखान्यातल्या २८० दिवसांच्या गणिताला दोन-तीन दिवसांच्या फरकाने येऊन मिळते. २०२० साली जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, म्हणजे साधारण दर दहांत एक. त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतातली. प्रमाणाच्या हिशेबात बांगलादेश सर्वांत वर, १६.२ टक्के.

प्रसूती लवकर का झाली, याचे ठोस उत्तर जवळपास निम्म्या वेळा सापडत नाही, आणि हे सुसज्ज रुग्णालये असलेल्या देशांनाही लागू आहे. गरीब भागात त्याच्याही आधीचा प्रश्न उभा राहतो : प्रसूती खरोखर लवकर झाली का?

आठवड्यांचा हिशेब

पाळीची तारीख विचारली की नर्सताईला तारीख क्वचितच मिळते. ‘पोळ्याच्या आधी’, ‘पंचमीला माहेरी गेले होते तेव्हा’, ‘बाजाराचा दिवस होता’ अशी उत्तरे येतात. मग सणवार, यात्रा, पेरणी यांचे स्थानिक कॅलेंडर समोर ठेवून त्यातून तारीख काढावी लागते. आधीचे मूल अंगावर पीत असताना, पाळी परत सुरू होण्यापूर्वीच दिवस राहिले असतील तर तोही आधार जातो. शिवाय लिहिणाऱ्याचा हात नकळत महिन्याच्या १ किंवा १५ तारखेकडे वळतो. दोन आठवड्यांची चूक इथेच होऊन बसते, आणि ३५ व ३७ आठवड्यांत अंतर तेवढेच तर असते.

तारीख नसेल तर वजन, हा जुना तोडगा. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ मध्ये २,५०० ग्रॅमची रेषा आखली. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये तीच अकाली जन्माची व्याख्या म्हणून घेतली आणि १९६१ मध्ये ‘कमी वजनाचे’ व ‘अपुऱ्या दिवसांचे’ अशा दोन वेगळ्या गोष्टी केल्या. दक्षिण आशियात ही फारकत अटळच होती. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यात दिवस जाण्याच्या आधीपासूनच विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख टिपली जात होती. इतक्या काटेकोर नोंदीनंतरही तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. पूर्ण दिवसांचे पण लहान चणीचे बाळ इथे नेहमीचे आहे. वजनावर विसंबले तर अशी बाळे अकाली ठरतात, आणि कुपोषणाची कारणे अकाली प्रसूतीच्या खात्यावर चढतात.

सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूतही बहुधा अशाच चुकलेल्या हिशेबातून आली असावी. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती उलटी आहे. जगलेली ‘सातव्यातली’ बरीच बाळे भरल्या दिवसांची पण किरकोळ अंगाची असणार. लग्नाच्या तारखेशी जुळवून घेतलेले सातवे महिनेही त्यात असतीलच.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी गर्भाचे वय आठवडाभराच्या फरकाने सांगते, शेवटच्या तिमाहीत हा फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. पण पहिली तपासणीच पाचव्या-सहाव्या महिन्यात झाली तर मशीन असूनही उपयोग मर्यादित राहतो. भारतात गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक मशीन आणि त्याची जागा नोंदवावी लागते, प्रत्येक तपासणीमागे एफ फॉर्म भरावा लागतो. ते योग्यही आहे. मात्र त्यामुळे सुटसुटीत मशीन पिशवीत घालून पाड्यापाड्यांवर फिरवणे संशोधकाला जमत नाही. जन्मानंतर बाळाची त्वचा, तळव्यांवरच्या रेषा, कानाची कूर्चा आणि हातापायांचा ताण पाहून वय ठरवण्याची बॅलार्ड पद्धत आहे, परंतु पोटात वाढ खुंटलेल्या बाळांबाबत ती चुकते.

हिशेब चुकला तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ॲक्ट’ ही चाचणी. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे मोठ्या रुग्णालयांत सिद्ध झालेले होते. तोच उपचार सहा देशांतल्या गावपातळीवर नेण्यात आला. त्यांत नागपूर आणि बेळगावचे परिसर होते. जिथे तारीख ठाऊक नव्हती तिथे पोटावर रंगीत पट्टे असलेली मापनफीत लावून गर्भाशयाच्या उंचीवरून आठवडे ठरवले गेले. निकाल उलटा आला : उपचार पोचवलेल्या भागांत नवजात बालमृत्यू हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ३.५ ने वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक मातांची बाळे फार लहान नव्हतीच, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाचे संशयित प्रकारही वाढलेले दिसले. पुढे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची ‘ॲक्शन-१’ चाचणी प्रसिद्ध झाली. ती भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया व नायजेरियातल्या रुग्णालयांत, गर्भाचे वय सोनोग्राफीने पक्के करून केली होती, आणि तिच्यात त्याच औषधाने बाळे वाचली.

कारणांचे जाळे

मुदतपूर्व प्रसूती हा एकच आजार नाही. काहींना आपोआप कळा येतात, काहींची पाणमोट आधीच फुटते, तर काहींची प्रसूती रक्तदाब वाढल्याने किंवा रक्तस्राव झाल्याने डॉक्टरच लवकर उरकतात. हा तिसरा गट गरीब भागात लहान दिसतो, कारण तिथे रक्तदाब मोजलाच न गेल्याने लवकर प्रसूती करण्याचा निर्णय होत नाही. अशी बाळे मग पोटात दगावलेल्यांच्या नोंदीत जातात किंवा कुठल्याच नोंदीत येत नाहीत.

जुळे, कोवळे वय, दोन बाळंतपणांतले थोडे अंतर, पंडुरोग, मलेरिया, सिफिलिस, मूत्रमार्गाचा संसर्ग, चुलीचा धूर यांचा संबंध अनेक ठिकाणी दिसला आहे. योनिमार्गातून वर चढणाऱ्या जंतुसंसर्गावर सर्वाधिक संशय आहे, विशेषतः फार लवकरच्या प्रसूतींत. तो सहज कळत नाही, कारण अंगावरून पांढरे जाणे हे दुखणे बायका अंगावरच काढतात. गडचिरोलीत राणी व अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. हे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पण संसर्ग सापडला म्हणजे प्रतिजैविक देऊन प्रसूती लांबवता येईल, असा सरळ हिशेब नाही. मलावीत २,२९७ गर्भवतींवर ॲझिथ्रोमायसिनची चाचणी झाली, तिच्यात अकाली प्रसूतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. संसर्गाची झळ औषध पोचण्याआधीच लागून गेलेली असते का, की काही जंतू निव्वळ साक्षीदार आहेत, हा वाद चालू आहे.

गांबियातल्या केनेबा भागातल्या जन्मनोंदींनी एक वेगळी दिशा दाखवली. तिथे अकाली प्रसूती वर्षात दोनदा वाढत : जुलैत, जेव्हा शेतात कंबरमोड काम असते, आणि ऑक्टोबरात, जेव्हा मलेरिया भरात असतो. एकाच गावात, त्याच बायकांमध्ये, ऋतूबरोबर कारण बदलत होते. वर्षाच्या सरासरीत या दोन्ही लाटा बुजून गेल्या असत्या.

नागपूर, नैरोबी, पेलोटास, ऑक्सफर्ड अशा आठ शहरी ठिकाणी झालेल्या गर्भाच्या वाढीची मापे ठरवणाऱ्या इंटरग्रोथ-२१ प्रकल्पाच्या माहितीतून ५,८२८ मुदतपूर्व जन्मांची वर्गवारी २०१५ मध्ये मांडली गेली. बारा गट पडले. सर्वांत मोठ्या गटात, सुमारे ३० टक्के जन्मांत, आई, गर्भ किंवा वार (प्लॅसेंटा) यांत कोणताही गंभीर बिघाड नोंदलेला नव्हता.

वार, नमुने आणि माहेर

कारण शोधायचे तर वार तपासावी लागते, तीही ताजी. दवाखान्यात ती काही मिनिटांत जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. घरी बाळंतपण झाले तर अंगणात किंवा परसात पुरली जाते. ती मागून घेण्यासाठी घरच्यांशी आधी बोलून ठेवावे लागते, रात्री दोन वाजता माणूस हजर ठेवावा लागतो, आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरला जनरेटरची जोड द्यावी लागते.

दुसरी गळती माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीमुळे सातव्या महिन्यापर्यंत नियमित तपासली गेलेली बाई नेमकी कळा येण्याच्या काळात दुसऱ्या तालुक्यात असते. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांचे तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गाव सुटलेले असते. जास्त कष्ट करणाऱ्या बायकाच अशा नोंदींतून निसटतात, त्यामुळे कष्टांचा परिणाम कागदावर आहे त्यापेक्षा सौम्य दिसण्याचा धोका राहतो.

भारतातला मोठा प्रयत्न म्हणजे २०१५ पासून गुरुग्रामच्या जिल्हा रुग्णालयात चाललेला ‘गर्भ-इनि’. सुरुवातीच्या तपासणीतच सोनोग्राफी, आणि मग रक्त, लघवी, योनिस्राव, नाळेचे रक्त, वार असे नमुने टप्प्याटप्प्याने जमवण्याची ही योजना आहे. त्यातूनच भारतीय गर्भांच्या मापांवर बेतलेली वय ठरवण्याची सूत्रे तयार झाली. दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीसाठीचे ‘गर्भिनी-जीए२’ आयआयटी मद्रासच्या सहकार्याने २०२४ मध्ये जाहीर झाले. तोवर वापरात होते ते अमेरिकी गर्भांवरून १९८० च्या दशकात बांधलेले हॅडलॉक सूत्र.

कारणाचा माग कधीकधी उपचाराच्या बाजूनेही लागतो. पहिलटकरणींना रक्ताच्या गुठळ्या रोखणारे ॲस्पिरिन, रोज ८१ मिलिग्रॅम, सहाव्या ते तेराव्या आठवड्यापासून देऊन पाहणारी चाचणी सहा देशांत, नागपूर व बेळगाव धरून, ११,९७६ स्त्रियांवर झाली. २०२० मध्ये निकाल आला : अकाली प्रसूती १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर. म्हणजे वारेच्या रक्तवाहिन्यांतला दोष या प्रसूतींच्या एका हिश्श्यामागे असावा. कॅल्शियमचा माग इतका सरळ निघाला नाही. बंगळुरू व दार-एस-सलाम इथे प्रत्येकी ११,००० पहिलटकरणींना रोज ५०० किंवा १,५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले गेले. बंगळुरूत कमी मात्रा घेणाऱ्यांत अकाली जन्म ११.४ टक्के होते आणि जास्त मात्रेत १२.८, दार-एस-सलामला कमी मात्रेत १०.४ आणि जास्त मात्रेत ९.७.