एंगाडीन खोऱ्यातील माउंटन बाइक मार्ग

एंगाडीन हे स्वित्झर्लंडच्या आग्नेय टोकाला, ग्राउब्युंडेन कँटनमध्ये (प्रांतात) असलेले इन नदीचे खोरे आहे. त्याच्या वरच्या भागात, मालोया खिंडीपासून एस-कान्फपर्यंत, माउंटन बाइकच्या मार्गांचे आल्प्समधील दाट जाळ्यांपैकी एक पसरले आहे. खोऱ्याचा तळच १,७०० ते १,८०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे इथली सायकल फिरवायला सुरुवात होते ती त्याच्याही वरून. बहुतेक नामांकित मार्ग २,२५० ते २,७०० मीटरपर्यंत चढतात. पिझ नायर शिखराचा रोपवे ३,००० मीटरच्या पुढे जातो.

या मार्गांचा स्वभाव ठरवला आहे तो रेल्वेने आणि रोपवेने. ऱ्हेटियन रेल्वेची बर्निना लाइन दातेरी रुळांशिवाय, सात टक्क्यांपर्यंतचा चढ चढत २,२५३ मीटरवरच्या ओस्पिझिओ बर्निना स्थानकापर्यंत जाते. अल्बुला आणि बर्निना या दोन्ही लाइन २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. सायकलचे वेगळे तिकीट काढून ती डब्यात चढवता येते. त्यामुळे चढाचा मोठा वाटा यंत्र उचलते आणि माणसाच्या वाट्याला उतार येतो. नवख्यांची फसगत इथेच होते. दम लागलेला नसतो, म्हणून मार्ग सोपा वाटतो. प्रत्यक्षात अंग गार असते, विरळ हवेची सवय झालेली नसते आणि पहिल्याच वळणावर हात, मांड्या व ब्रेक यांची परीक्षा सुरू होते. वर गाडीतून किंवा रोपवेतून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटे सपाटीवर सायकल चालवून मगच उताराला लागणे शहाणपणाचे.

सर्वाधिक वर्दळ असते ती ओस्पिझिओ बर्निना ते पोंत्रेझिना गाव या मार्गावर. लागो बियांको या धरणाच्या तलावाजवळ सुरुवात होते. हा तलाव हिमनदीच्या पाण्याने दुधाळ दिसतो, तर शेजारचा लेय नायर गडद. दोहोंच्या मधून युरोपचा एक मोठा जलविभाजक जातो : लेय नायरचे पाणी इन आणि डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला मिळते, लागो बियांकोचे पो नदीतून एड्रियाटिकला. उतरण साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. वरचा भाग उघड्या माळावरून आणि कातळावरून जातो, मोर्टेराचनंतर मुळांनी भरलेले जंगल लागते. ओल्या दिवशी खालची मुळेच वरच्या दगडांपेक्षा जास्त माणसे पाडतात : मुळाला तिरके टेकलेले चाक घसरते, म्हणून ती काटकोनात आणि ब्रेक सोडून ओलांडायची.

त्याच स्थानकावरून दक्षिणेला उतरणारा मार्ग मात्र वेगळ्या जातीचा आहे. आल्प ग्र्युम (२,०९१ मी.), काव्हालिया (१,६९३ मी.) आणि शेवटी पोस्कियाव्हो (१,०१४ मी.) अशी ही सलग १,२०० मीटरहून जास्त उतरण आहे. वरच्या माळाकडून चेस्टनटच्या प्रदेशाकडे, रोमान्श भाषेतून इटालियन भाषेत माणूस एका सकाळीत पोचतो. आल्प ग्र्युमच्या खालची हेअरपिन (जवळजवळ उलट फिरणारी) वळणे अरुंद व खडीची आहेत. मागचे चाक उचलून वळवता येत नसेल तर उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही. परतीला पुन्हा रेल्वे असतेच, फक्त शेवटच्या गाडीची वेळ निघण्याआधी बघून ठेवावी.

सेंट मॉरिट्झच्या वर कोर्विलिया (२,४८६ मी.) परिसरात बांधीव फ्लो ट्रेल आहेत. उंच कडांची वळणे, लाटांसारखे उंचवटे, गुळगुळीत मुरूम. सरावाला उत्तम, पण एंगाडीन बघायला कोणी फक्त यासाठी येऊ नये. त्यापेक्षा सुव्रेटा खिंड (२,६१५ मी.) ओलांडून बेव्हर खोऱ्यात उतरणारा फेरा कितीतरी सरस. खिंडीपलीकडचा वरचा टप्पा घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडांचा आहे, पुढे ओढ्याच्या काठाने वाट मऊ होत जाते आणि अल्बुला बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या स्पिनास स्थानकावरून रुंद रस्त्याने बेव्हर (१,७०८ मी.) गाठता येते. घरच्यांसोबत किंवा पहिल्या दिवशी मालोयापासून सिल्स व सिल्व्हाप्लाना तलावांच्या काठाने सेंट मॉरिट्झला यावे.

दूर पल्ल्याच्या फेऱ्यांत एस-कान्फहून इटलीतल्या लिव्हिन्योला नेणारी कास्काउना खिंड (२,६९४ मी.) प्रसिद्ध आहे. चढ सुमारे हजार मीटरचा, शेवटचा भाग इतका उभा की बहुतेकांना सायकल ढकलत न्यावी लागते. ती, व्हाल मोरा हे खोरे आणि कोस्टाइनास खिंड (२,२५१ मी.) जोडून स्विस राष्ट्रीय उद्यानाभोवती सुमारे १४० किलोमीटरचे वर्तुळ पूर्ण करता येते, दोन ते तीन दिवस धरावेत. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाच्या आत सायकलला मनाई आहे, म्हणूनच मार्ग त्याला वळसा घालतो. सीमेवर सहसा कोणी अडवत नाही, तरी पासपोर्ट खिशात हवा. भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो.

वाटांची अवघडपणाची प्रत जर्मन भाषिक आल्प्समध्ये एस ० ते एस ५ अशी लावतात. एस ० म्हणजे अडथळे नसलेली वाट; एस १ मध्ये लहान दगड-मुळे आणि ४० टक्क्यांपर्यंत उतार; एस २ मध्ये सुटे दगड, पायऱ्या, आवळ वळणे आणि ७० टक्क्यांपर्यंत उतार; एस ३ पासून मोठे धोंडे व तोल सांभाळण्याचे खास कौशल्य. सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याने पहिल्यांदा एस १ च निवडावी. सायकल मार्गांचे फलक लाल असतात. पायवाटांच्या खुणा वेगळ्या : पिवळी साधी वाट, पांढरी-लाल-पांढरी डोंगरी वाट, पांढरी-निळी-पांढरी अल्पाइन वाट. शेवटच्या खुणेच्या वाटेवर सायकल नेऊ नये. तिथे हात वापरून चढावे लागते. ग्राउब्युंडेनमध्ये मनाईचा फलक नसेल तर पायवाटाही सायकलला खुल्या असतात, पण चालणाऱ्याचा हक्क पहिला. समोरून माणूस आला की थांबायचे ते सायकलवाल्याने.

मोसम साधारण जूनअखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत. उत्तरमुखी खिंडींत जुलैतही बर्फाचे पट्टे राहतात, आणि सकाळी ते काचेसारखे कडक असतात. उभ्या उतारावरचा असा पट्टा सायकल घेऊन ओलांडू नये, मागे फिरावे. उन्हाळ्यातही नवे बर्फ पडू शकते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, त्यात उताराच्या वेगाची हवा; म्हणून खाली वीस अंश असले तरी पाठपिशवीत वाराप्रतिबंधक जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे लागतात. बधिर बोटांनी ब्रेक मोजून दाबता येत नाही. उन्हाळ्यात ढग दुपारनंतर फुटतात, तेव्हा खिंड दुपारच्या आत मागे टाकलेली बरी.

वाऱ्याचे गणित इथे उलटे आहे. डोंगरी खोऱ्यांत दिवसा वारा सहसा खालून वर वाहतो; वरच्या एंगाडीनमध्ये मात्र मालोयाचा वारा दुपारच्या सुमारास सुरू होऊन खोऱ्याच्या उताराकडे, ईशान्येला वाहतो. सिल्व्हाप्लानाच्या तलावावर शिडाच्या फळ्यांची गर्दी होते ती याच्यामुळे. तलावकाठचा मार्ग मालोयाकडून धरला तर तो पाठीशी, उलट धरला तर छातीवर.

सायकल पुढे-मागे १४० ते १५० मिलीमीटर सस्पेन्शनची पुरते. खरे लक्ष ब्रेककडे द्यावे. स्वार व सायकल मिळून ९५ किलो वजन बर्निनाहून पोस्कियाव्होला उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तेवढ्यात साडेतीन लिटर गार पाणी उकळेल. हवा आणि टायर खातात तो भाग सोडला तर ही सगळी उष्णता डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर) येते. ब्रेक सतत हलके दाबून ठेवल्यास डिस्कला घासणारे पॅड व लिव्हरचा दाब पोचवणारे तेल दोन्ही तापतात. बिघाडाची लक्षणे वेगवेगळी आहेत. लिव्हर घट्ट आहे पण सायकल थांबत नाही, तर पॅडचा पृष्ठभाग जळून काचेसारखा झाला आहे. लिव्हर मऊ होऊन हँडलला टेकतो, तर तेल किंवा त्यातले पाणी उकळले आहे, अशा वेळी पूर्ण थंड होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. उपाय सोपा : वळणाआधी जोरात दाबायचे, वळणात सोडायचे, दर दोन-तीनशे मीटर उतरणीला थांबायचे. २०० मिलीमीटरची डिस्क आणि धातुमिश्रित पॅड असतील तर उत्तम.

भाड्याच्या सायकलीबाबत भारतीयांनी एक गोष्ट दुकानातच बघावी. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, स्वित्झर्लंडमध्ये तो डाव्या हाताला. घाबरून मागचा समजून पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. दुकानदाराला लिव्हर अदलाबदल करायला सांगावे, नाहीतर सपाटीवर अर्धा तास सराव करावा.

टायर ट्यूबलेस, २.४ इंची, दाब वजनानुसार १.५ ते १.८ बार. मुंबई-पुण्यात भरलेला दाब खोऱ्यात पोचेपर्यंत वाढलेला असतो, म्हणून तिथे गेल्यावर तो पुन्हा मोजावा. खोऱ्यातून शिखरावर जाताना मात्र वेगळा हिशेब करायची गरज नाही : उंचीमुळे सुमारे ०.१ बार वाढते, गारठ्यामुळे बरेचसे परत उतरते. टायरची बाजू धारदार दगडाने कापली तर सीलंट (टायरमधला छिद्र बुजवणारा द्रव) काम करत नाही. एक ट्यूब आणि टायरच्या आतून लावायची पट्टी सोबत हवीच. ई-बाइकवाल्यांसाठी साधे माप : ११० किलोचा भार हजार मीटर वर न्यायला निव्वळ ३०० वॉट-तास लागतात, मोटर व वाटेतले नुकसान वेगळे. ५०० वॉट-तासांच्या बॅटरीवर कास्काउनासारखा चढ निघतो, दुसरा मोठा चढ धरू नये.

कुरणांतून वाट जाते तिथे गेट उघडले तर बंदही करावे. वासरांसह गाई दिसल्या की उतरून, लांबून वळसा घालून जावे. मेंढ्यांच्या कळपाला राखणारे मोठे पांढरे कुत्रे वेगाने येणाऱ्या सायकलवर धावतात. थांबून खाली उतरावे, सायकल मधे धरावी आणि हळू चालत निघावे.

अपघात झाल्यास हवाई बचाव संस्था रेगाचा क्रमांक १४१४, युरोपभर चालणारा ११२. रेगाचा एक तळ खोऱ्यातच, सामेदान येथे आहे. हेलिकॉप्टर हवे असेल तर दोन्ही हात वर पसरून उभे राहायचे. नको असेल तर एक हात वर, एक खाली. नेटवर्क नसेल तेव्हा मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा दिवा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. प्रवासविम्यात डोंगरी बचाव आणि माउंटन बाइकिंग दोन्ही नावानिशी लिहिलेले आहेत का, हे निघण्यापूर्वी तपासावे. साध्या पॉलिसीत बहुधा दुसरे वगळलेले असते.